उपाशी खाचर

लिंगश्वेई, २० डिसेंबर

युचेन,

तुझं बियाणं पोचलं, उगवलं, आणि आज लावणीही झाली. लाओशींनी "तिला कळव" असं बजावलं म्हणून कळवते आहे. फोनमधून मी तुला काढून टाकलंय हे तुझ्या लक्षात आलंच असेल, तेव्हा कागदावर. पत्र शांघायला पोचेपर्यंत चार दिवस जातात. तेवढे दिवस तरी तुझं उत्तर येण्याची धास्ती नाही.

तू अजूनही पाकिटावर "शिजे" लिहितेस. लाओशींच्या, आपल्या गुरुजींच्या, हाताखाली मी आधी शिकायला आले म्हणून मी थोरली बहीण आणि तू धाकटी, शिमेइ. ते नातं तू पाळतेस, तुझी तू बघ. मी तुला नावानंच हाक मारणार.

पुड्यांना तांबडा दोरा बांधायची तुझी सवय गेली नाही. बरं झालं, मीही तोच दोरा तुझ्या बाजूच्या बांबूच्या खुंट्यांना बांधून टाकला. माझ्या खुंट्या बोडक्या आहेत. पुड्यांबरोबर तू फुलपाखरांच्या आकाराची बिस्किटं पाठवलीस ती मी डब्यात ठेवली होती. घरमालकीण म्हातारीनं, आपोनं, ती शोधून काढली आणि दाराच्या उंबऱ्यावर बसून संपवली. वर मला म्हणाली, "उंच पोरीचा हात मोठा हो. तुझ्या नानजिंगहून तू काय आणतेस? चिखलाचे बूट." नानजिंगच्या थंडीत भात होत नाही म्हणून या उबदार किनाऱ्यावर, असे इतके हिवाळे मी तिच्या घरात राहते आहे. तू एक हिवाळा राहिलीस.

आता कामाचं. खाचर तेच, डोंगराकडचं, ज्याला लाओशींनी कित्येक वर्षं स्फुरदाचा कण दाखवलेला नाही. नत्र मिळतं, पालाश मिळतं, फक्त फॉस्फेट नाही. त्याचे तीन पट्टे केले आणि मधे बांध घातले, म्हणजे एकाचं पाणी दुसऱ्यात जाणार नाही. डोंगराकडे तुझं भात, मधे साधं, घराकडे माझं.

लाओशी उन्हाळ्यात निवृत्त होतायत हे तुला माहीत आहे. या उपाशी मातीत जिचं भात उभं राहील तिला हे शेत, बियाण्याची खोली आणि त्यांचं अपुरं राहिलेलं काम. असं त्यांनी माझ्यासमोर म्हटलं, आणि तुलाही फोनवर म्हटलं असणार. तुला शांघायमध्ये यंत्रं आहेत, माणसं आहेत, नाव आहे. मला हे शेत आहे. ते गेलं तर मी नानजिंगच्या कार्यालयात बसून दुसऱ्यांच्या सुट्ट्यांचे अर्ज तपासणार.

म्हणून सांगते, या वेळी मला जिंकायचं आहे.

रोलान

---

लिंगश्वेई, ८ जानेवारी

युचेन,

तुझ्या बाजूला फुटवे आले. घे, लिहिलं.

रोज सकाळी मी बांधावर जाते आणि आधी तुझ्याकडे बघते. रोज वाटतं, आज तरी मान टाकली असेल. टाकत नाही. सरळ उभं, दर रोपाला तीन-तीन, चार-चार फुटवे. माझं मात्र साध्या भातासारखंच खुजं, काळपट, रुसून बसल्यासारखं. फुटवा कुठे असलाच तर शोधावा लागतो.

आपण दोघींनी एकाच दारावर काम केलं, हे लोकांना सांगून पटत नाही. मुळाच्या पेशीच्या पटलात, तिच्या भिंतीतच म्हण, बसलेलं ते प्रथिन, बाहेरचं फॉस्फेट उचलून आत सोडणारं. मी ते झाडात पाहिलं: कधी जागं होतं, कुठल्या मुळात किती बनतं, पेशीच्या आतच अडकून पडलं तर झाड कसं उपाशी मरतं. तू ते झाडातून बाहेर काढलंस, धुतलंस, गोठवलंस आणि त्याचा फोटो काढलास. बारा मळसूत्री खांब, सहा इकडे, सहा तिकडे, मधे फॉस्फेटपुरती फट. बाहेरून उघडतं, फॉस्फेट आत घेतं, बाहेरची बाजू मिटते, मग आतली उघडते. वूहानच्या परिषदेत ते पडद्यावर हललं तेव्हा माझ्या शेजारचा म्हातारा अधिकारी तोंडानं "ओहो" म्हणाला. मी टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या, म्हणजे कुणाला काही दिसू नये.

मग तू त्या फटीतला एक मणी, एकच अमिनो आम्ल, बदललास, म्हणजे फॉस्फेट पकडीतून निसटू नये. मी वेगळं केलं. दारं पेशीच्या कारखान्यात अडकतात, ती अडकवणारी कडी काढून टाकली, म्हणजे बनलेलं प्रत्येक दार भिंतीवर जाऊन बसावं. तू दार चांगलं केलंस, मी दारं जास्त बसवली. मला अजूनही वाटतं की उपाशी माणसाच्या घराला जास्त दारं हवीत. पण झाडांना माझं पटलेलं दिसत नाही.

आज आपो घेवड्याचे वेल बांधायला आली होती. बांधावर उभी राहून सुपारी चघळत तिन्ही पट्टे बघत बसली.

"तांबडा दोरा कुणाचा ग?"

"युचेनचा. उंच पोरीचा."

"आणि हे बुटकं?"

"मधलं कुणाचंच नाही. इकडचं माझं."

"तुझं?" तिनं लाल पिंक टाकली. "जेवायला घालत नाहीस का त्याला?"

मी म्हटलं, नाही घालत, तोच तर खेळ आहे. जे न जेवता वाढेल ते खरं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच तिच्या घरी उपाशी झोपते. मग म्हणाली, "उंच पोरगी बरी आहे ना? लग्न-बिग्न?" मी म्हटलं, मला माहीत नाही. मग मी माझ्या खोलीत जाऊन रडले, हेही लिहून टाकते. तुझ्यासमोर लाज धरून काय मिळणार आहे?

तू आलीस त्या हिवाळ्यात आपोनं कोंबडी कापली होती. लिंबाच्या रसात बुडवून तू तीनदा वाढून घेतलीस. माझ्यासाठी तिनं कधी कोंबडी कापलेली नाही. मला येताजाता सांगते, भांडी घास, पाणी भर, छपरावरची पानं काढ. त्याच हिवाळ्यात मी तुला जुन्या पानाचं टोक बघायला शिकवलं, आठवतं? की ज्या भाताची दारं सतत उघडी राहतात त्याला भरपूर स्फुरद दिलं तर ते खातच सुटतं, थांबणं त्याला कळत नाही, आणि जुन्या पानांची टोकं करपतात. तू लगेच वहीत लिहून घेतलंस आणि पुढच्या आठवड्यात लाओशींसमोर म्हणून दाखवलंस. लाओशी म्हणाले, "या पोरीची नजर बघ." माझ्याकडे बघून म्हणाले.

मला तुझा हेवा वाटतो, युचेन. गोड शब्दात सांगता येईल असा तो नाही. पोटात दुखतं.

रोलान

---

लिंगश्वेई, २६ जानेवारी

युचेन,

माझं भात उठलं.

पत्र इथेच संपवायचा मोह होतोय, पण सविस्तर वाचण्यात तुला त्रास होईल म्हणून सविस्तर लिहिते. मी दोन आठवडे खालच्या गावातल्या दुसऱ्या शेतावर होते. लाओशींच्या मित्राची माणसं कमी पडली होती. परत आले तर माझा पट्टा ओळखूच येईना. काळपटपणा गेला, पानं रुंद झाली, आणि फुटवे किती म्हणतेस! तुझं जिथं होतं तिथून थोडं पुढे सरकलं आहे, पण माझं त्याच्या बरोबरीला आलं आणि आता उंचीनंही वर चाललंय. मधलं साधं भात होतं तसंच आहे, बिचारं.

मी कारण शोधून काढलं आहे. भिंतीवर दारं बसायला वेळ लागतो. तुझं झाड पहिल्या दिवसापासून चांगलं दार वापरतं, माझं आधी सगळी दारं बसवतं आणि मग एकदम खातं. सावकाश पण दणकून. हे मी लाओशींनाही कळवलं. फोटोही पाठवले, सकाळच्या उन्हातले.

एकच वैताग. माझ्या बाजूच्या पाण्यात शेवाळ फार माजलं आहे. रोज बांबूच्या चाळणीनं काढते, दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवं. तुझ्याकडचं पाणी तळ दिसेल इतकं नितळ. बघ, शेवाळानंसुद्धा मलाच निवडलं. पण या वेळी मी तक्रार करणार नाही.

आपोला दाखवायला नेलं. "बघ, माझं बुटकं." ती हसली. तिला पुढचे दात नाहीत, त्यामुळे तिचं हसणं कधी पूर्ण खरं वाटत नाही.

"आता कुणाचं उंच?"

"माझं, आपो."

"मग झालं तर." आणि घेवड्याकडे निघून गेली.

इतके दिवस मला कळत नव्हतं की जिंकल्यावर माणसं इतकी गप्प का बसतात. कारण बोललं तर ओरडावंसं वाटतं.

रोलान

---

लिंगश्वेई, १२ फेब्रुवारी

युचेन,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. खऱ्या आहेत. जिंकणाऱ्याला शुभेच्छा देणं सोपं जातं.

मी नानजिंगला गेले नाही. भात पोटरीत आलं असताना कुणी जातं का? आपोकडेच जेवले. तिची मुलं हायखोऊहून येणार होती, आली नाहीत, मग दोघीच बसलो. कोंबडी नव्हती, मासा होता, नारळात शिजवलेला भात होता, आणि शेवटी सगळी भांडी मी घासली. घासता घासता लाओशींचा फोन आला. हात ओले, फोन गाल आणि खांद्यामधे धरलेला. ते म्हणाले, "रोलान, फोटो पाहिले. छान." मग आणखी बरंच बोलले, पण त्या "छान" नंतरचं मला नीट ऐकूच आलं नाही. त्यांच्या तोंडून तो शब्द तुझ्यासाठी मी इतक्यांदा ऐकला आहे की तो त्यांच्या आवाजात कसा लागतो ते मला पाठ आहे. अगदी तसाच लागला.

आपल्या शोधलेखात तुझी आकृती आधी येईल की माझं शेत, हे ते आता ठरवणार आहेत. "शेत आधी यावं असं दिसतंय," म्हणाले. तुला वाईट वाटलं असेल तर मी काय करू? मला वूहानला वाटलं होतं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

भात निसवू लागलं आहे. माझ्याकडे दाट, तुझ्याकडेही बऱ्यापैकी. मी खोटं बोलणार नाही, तुझं साध्यापेक्षा खूपच पुढे आहे. पण माझ्या मागे. खालच्या जुन्या पानांना जरा समुद्राचा वारा बाधलेला दिसतो, टोकं तपकिरी झाली आहेत. इथला वारा खारट, तुला आठवत असेल, तुझे केस सारखे चिकट व्हायचे आणि तू कुरकुरायचीस.

शांघायमध्ये थंडी असेल. अंगात नीट घाल.

रोलान

---

लिंगश्वेई, २४ फेब्रुवारी

युचेन,

तुझं पत्र आलं. अर्ध्या पानाचं. अभिनंदन, लाओशींची तब्येत, शांघायचा पाऊस, आणि शेवटी सहज विचारल्यासारखं: "शिजे, तुमच्या बाजूला जुन्या पानांची टोकं करपली आहेत, तशी माझ्याही बाजूला आहेत का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. तुला काय म्हणायचं आहे ते मला कळत नाही असं समजतेस? ते मीच तुला शिकवलं. माझ्याच हातानं दिलेली काठी तू माझ्याच पाठीत घालते आहेस. मला एक सांग, तू हे लाओशींना विचारलं नाहीस, मलाच का विचारलंस? मोठेपणा दाखवायला? की माझ्याच तोंडून वदवून घ्यायला?

तू जळते आहेस. आयुष्यात पहिल्यांदा जळते आहेस, आणि तुला ते नीट जमतही नाही. मला विचार, मी शिकवते. आधी माणूस दुसऱ्याच्या यशात खोट शोधतो. मग ती खोट सापडेल अशी प्रार्थना करतो. मग सापडली नाही की रात्रभर स्वतःला खातो.

समुद्राचा वारा आहे. बस.

रोलान

---

लिंगश्वेई, २७ फेब्रुवारी

युचेन,

मागचं पत्र टाकून परत येताना मी थेट शेतावर गेले. तुझ्या बाजूला, डोंगराकडे. खाली बसून जुनी पानं एकेक बघितली. एकही टोक करपलेलं नाही. मधल्या साध्या भाताचंही नाही. वारा दक्षिणेकडून येतो, तो तिन्ही पट्ट्यांवरून सारखाच जातो. माझ्याच पानांवर थांबून चावा घ्यायचं त्याला काही कारण नव्हतं.

तरीही मी उठले नाही. तिथंच चिखलात बसून माझ्या बाजूच्या पाण्याकडे बघत राहिले. शेवाळ. महिनाभर मी ते रोज हातानं काढून टाकत होते. पहिल्या वर्षाच्या मुलाला विचारलं तरी सांगेल की पाण्यात स्फुरद आलं की शेवाळ माजतं. मला ते दिसत नव्हतं असं नाही. मी ते चाळणीत भरून बांधापलीकडे फेकत होते.

घरी आले. आपो उंबऱ्यावर घेवड्याच्या शेंगा मोडत होती. मी विचारलं, "आपो, माझ्या भातात काय टाकलंस?"

तिनं मान वर केली नाही. "कधी?"

"मी खालच्या गावात होते तेव्हा."

"खत टाकलं. मग? घेवड्याचं उरलं होतं, राखाडी दाण्यांचं. भातालाही चालतं."

"सगळीकडे टाकलंस?"

"सगळीकडे कशाला? एवढं उरलं होतं कुठे? तुझ्याच बाजूला टाकलं. बोडक्या खुंट्यांकडे."

मी तिथंच खाली बसले. मला आधी राग यायला हवा होता. आला नाही. मी मूर्खासारखं विचारलं, "माझ्याच का?"

आता तिनं मान वर केली. मलाच काही कळत नाही असा चेहरा करून म्हणाली, "तुझं मागे पडलं होतं म्हणून. त्या उंच पोरीचं असं छाती काढून उभं, आणि तुझं बुटकं. तू रोज सकाळी जाऊन बघायचीस आणि तोंड पाडून यायचीस. माझ्या घरातल्या पोरीचं भात बाहेरच्या पोरीसमोर खाली मान घालून उभं राहील, आणि मी बघत बसेन?"

"पण तुला ती आवडते. तिच्यासाठी तू कोंबडी कापलीस."

"ती पाहुणी होती. पाहुण्याला कोंबडी कापतात. घरच्याला कोण कापतं?" मग शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली. "बसलीच आहेस तर मोड."

मी मोडल्या. सगळ्या मोडल्या. तिला काही सांगितलं नाही, कारण काय सांगणार होते? की तू मला जिंकवायला गेलीस आणि हरवलंस?

गप्प राहायचा विचार आला नाही असं म्हणणार नाही. आला, आणि बराच वेळ बसला. लाओशींना शेत दिसलेलं, फोटो दिसलेले, लेखात माझं नाव आधी. तू एक प्रश्न विचारला होतास, त्याला मी "वारा" म्हणून उत्तर देऊन टाकलं होतं. पण मग ते भात पुढच्या वर्षी कुणाच्या तरी गरीब जमिनीत गेलं असतं आणि तिथं त्याला घेवड्याचं खत घालायला आपो नसती. आणि खरं सांगू, तेवढंच कारण नव्हतं. तुझ्याकडून मला दया नको आहे, आणि तू गप्प राहून ती केली असतीस.

लाओशींना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोणतं खत?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मूर्ख म्हातारी," आणि हसले की खोकले ते कळलं नाही. मग म्हणाले, "युचेनच्या बाजूची माती तपास. तिच्याकडे पडलं नसेल तर तिचं खरं."

म्हणजे मलाच सिद्ध करायचं आहे की तू जिंकलीस.

रोलान

---

लिंगश्वेई, ८ एप्रिल

शिमेइ,

पार्सलमध्ये तुझं बियाणं आहे, तांबड्या दोऱ्यानं बांधलेलं. कापणी मी स्वतः केली, तुझ्या पट्ट्याची वेगळी, झोडपणी वेगळ्या चटईवर. माझं भातही कापलं, पण त्याला आता कुणी विचारणार नाही. ते आपोच्या मडक्यात गेलं आहे. रोज तेच खातो आम्ही. चवीला चांगलं आहे, हे तुझ्या यंत्रात दिसणार नाही.

तुझं मार्चमधलं पत्र मिळालं. तू लिहितेस की पुढच्या हिवाळ्यात दोन्ही पुन्हा लावू, नाव पुढे-मागे कुणाचंही असो, शेतावर मी राहीन. हे असं लिहितेस म्हणून तर मला तू सहन होत नाहीस. थोडं तरी वाईट वागली असतीस तर माझं किती सोपं झालं असतं. पण माझ्या दारांना एकदा खरोखर उपाशी ठेवून बघायचंच आहे. तेव्हा हो, लावू. शेत तुझं, लाओशींनी तसं कळवलं आहे आणि ते बरोबर आहे. मी तुझ्या शेतावर राहीन. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली.

त्याच पत्रात खाली तू लिहिलं आहेस की त्या हिवाळ्यात तुलाही हेवा वाटला होता, कारण आपोनं तुला कधी भांडी घासायला सांगितली नाहीत. मी ते दोनदा वाचलं. मग तुला इतक्या वर्षांत पहिल्यांदा मूर्ख म्हणावंसं वाटलं, आणि बरं वाटलं.

मातीचं सांगायचं राहिलं. तुझ्या पट्ट्यातून, मधल्यातून आणि माझ्यातून मी माती घेतली, ढवळली, गाळली आणि नळ्यांमध्ये रंगाचं औषध घातलं. स्फुरद असेल तर निळं होतं. लाओशींनी पहिल्या वर्षी आपल्याला हेच तर करायला लावलं होतं. तुझी नळी बघत मी उभी राहिले. रंग चढला नाही. मी थांबले, पुन्हा बघितली, दुसऱ्या कोपऱ्यातली माती घेऊन पुन्हा केली. पाण्यासारखी नितळ. तुझ्या भातानं खरंच काही नसताना तेवढं खेचून घेतलं, युचेन. तू फटीतला जो मणी बदललास तो धरून ठेवतो. मी स्वतः पाहिलं, आणि मनातून तुझ्या विरुद्ध असताना पाहिलं, म्हणजे लाओशींच्या लेखी ते जास्त पक्कं.

पण त्या नळीत मला आणखी एक दिसलं. आपोनं तुझ्या बाजूला एक चिमूटसुद्धा टाकलेली नाही. चुकून उडालेला कणही नाही. इतकी जपून होती म्हातारी.

माझी नळी गडद निळी झाली, शाळेच्या दिवसांत दौतीतली शाई दिसायची तशी.

लाओशींच्या लेखासाठी तुझी नळी पार्सलमध्ये घातली आहे, कापसात गुंडाळून. माझी पाठवलेली नाही. तिचा रंग टिकत नाही, मला माहीत आहे. ती खिडकीत ठेवली आहे.

रोलान शिजे